इंजिन घरी खोलताय? आधी पेट्रोलचे पाइप नीट सोडवा

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा झाकणासारखा भाग, घरी उतरवायचं ठरवलं की सगळं लक्ष हेडबोल्टकडे आणि टायमिंग बेल्टकडे असतं. पेट्रोलचे पाइप काय, दोन क्लिपा सरकवल्या की सुटतात, असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. सांगलीच्या आमच्या घरासमोर उतारावर मारुती ८०० उभी होती, तोंड खालच्या बाजूला, टाकी जवळजवळ भरलेली. दुपारभर काम करून एअर फिल्टर काढला, कूलंट काढलं आणि त्याच ओघात पंपाकडे येणारा पेट्रोलचा पाइप ओढला. पेट्रोल आलं, ते थांबेचना. टाकी मागे वर, पाइपाचं तोंड पुढे खाली. एकदा धार लागली की ती आपोआप चालू राहते. मुलाने पाइपात बसेल असा बोल्ट शोधून आणेपर्यंत दहा मिनिटं मी अंगठा दाबून उभा होतो. फरशीवरचा ओघळ फाटकापर्यंत गेला होता आणि शेजारच्या अंगणात तुळशीपुढे दिवा लावायची वेळ झाली होती.

शेजारच्या काकूंनी हाक ऐकून दिवा लावायचं थांबवलं, म्हणून काही झालं नाही. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो: पेट्रोलचं काम वेगळं, इंजिनाचं काम वेगळं. पेट्रोलचे पाइप सोडवणं हे स्वतंत्र काम समजायचं, सकाळी एका बैठकीत पुरं करायचं, सगळी तोंडं बंद करायची, जागा कोरडी करायची आणि मगच इंजिनाला पाना लावायचा. पुढची सगळी पद्धत या एका नियमावर उभी आहे.

१. आपली गाडी कोणत्या जातीची, ते ओळखा

हा लेख पेट्रोल गाड्यांसाठी आहे, आणि त्यात दोन जाती आहेत.

पहिली कार्ब्युरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा साधा भाग असलेली: जुनी मारुती ८००, जुनी ओम्नी. यात पंप इंजिनावरच असतो आणि कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, धक्क्याने चालतो. पाइपातला दाब अगदी कमी, अर्ध्या बारच्याही आत. इथे भीती दाबाची नाही, न थांबणाऱ्या धारेची आहे.

दुसरी एमपीएफआयची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी: अल्टो, वॅगन आर, नंतरची झेन आणि २००० नंतरच्या बऱ्याच ८००. यात विजेवर चालणारा पंप टाकीच्या आत असतो आणि पाइपात साधारण ३ बार दाब असतो. टायरमध्ये आपण ३० पीएसआय हवा भरतो, म्हणजे जेमतेम २ बार. त्याच्या दीडपट दाबाने पेट्रोल पाइपात कोंडलेलं असतं, आणि इंजिन बंद करून काही तास झाले तरी ते तसंच राहू शकतं. असा पाइप थेट ओढला तर पेट्रोल फवाऱ्यासारखं तोंडावर येतं.

गाडीला सीएनजी किट असेल तर त्या किटाच्या पाइपांना घरी हात लावू नका. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो. ते काम किटवाल्या अधिकृत माणसाचंच. एलपीजी किटाचंही तेच. कॉमन रेल डिझेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, त्याची पद्धत निराळी आहे, ती इथे नाही.

२. जागा आणि वेळ

पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही हवेत, डिसेंबरच्या पहाटेसुद्धा, सांडलेल्या पेट्रोलवर वाफ तयार असतेच. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागा शोधते.

म्हणून तळघरातलं पार्किंग नको. सोसायटीच्या इमारतीखालचं पार्किंगही नको, कारण तिथे वीजमीटरचं पॅनल असतं, पाण्याच्या पंपाची खोली असते आणि तो पंप आपोआप चालू होतो. गाडीखाली उतरायचा खड्डा असलेली जागा सोयीची वाटते, पण पेट्रोलच्या कामाला ती सर्वांत वाईट. वाफ खड्ड्यात साचते आणि आपण तिच्यातच उभे राहतो.

उघडं अंगण, सपाट जमीन, वारा खेळता. उतार असेलच तर गाडीचं तोंड चढाच्या बाजूला. वेळ सकाळची, म्हणजे दिवेलागणीच्या कितीतरी आधी सगळं आवरलेलं असेल. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट्रोल सांडायला नको. घरात सांगून ठेवा: आपण काम करत असेपर्यंत त्या बाजूच्या खिडक्या-दारं बंद, त्या बाजूला उदबत्ती नाही, समई नाही, गॅस गीझर लावायचा नाही. फाटकातून बिडी ओढत कुणी आत येऊ नये म्हणून एक माणूस बाहेर बसवा. तोच तुमचा मदतनीस. हे काम एकट्याने करू नका.

आणखी एक. ठरवलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधीपासून पेट्रोल भरू नका, गाडी चालवून टाकी पावच्या खाली आणा. टाकी उपसायचा सगळा त्रास वाचतो.

३. काय काय जमवायचं

- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, निदान गाडीसोबत मालकाला मिळणारं पुस्तक. पंपाचा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा डबीसारखा स्विच) आणि फ्यूज कुठे आहे ते त्यात बघून ठेवायचं.
- १० नंबरचा पाना बॅटरीसाठी, १२ आणि १४ नंबर इतर नटबोल्टसाठी. क्लिपांसाठी पकड आणि स्क्रू ड्रायव्हर.
- पाइपांची तोंडं बंद करायला ६ आणि ८ मिलिमीटरचे बोल्ट, अर्धा भाग बिनआट्यांचा असलेले. गुळगुळीत भाग पाइपात बसवायचा. आटे रबर आतून कापतात.
- नवे पाइप आणि नव्या क्लिपा. जुने परत वापरायचा विचारसुद्धा करू नका, कारण पुढे सांगतो.
- नायट्राइलचे हातमोजे. साध्या रबराचे पेट्रोलने फुगतात. डोळ्यांना चष्मा, अंगात सुती कपडे.
- झाकणाचा धातूचा डबा किंवा पेट्रोलसाठीच असलेला कॅन, पसरट ट्रे, भरपूर सुती चिंध्या, एक बादली कोरडी वाळू.
- एबीसी पावडरचं अग्निशामक, किमान २ किलोचं, काटा हिरव्यात असलेलं. ते गाडीला टेकवून ठेवू नका. दोन-तीन मीटरवर, वारा येतो त्या बाजूला आणि पळायच्या वाटेवर ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.
- उजेड लागलाच तर बॅटरीवरची एलईडी. वायरला टांगलेला जुना बल्ब अजिबात नको. तापलेल्या काचेवर पेट्रोलचा एक थेंब पडला की बल्ब फुटतो आणि आतली तार उघडी पडते.

४. हात लावण्याआधी खुणा

बॉनेट उघडल्यावर मारुती ८०० मध्ये नुसतं पाइपांचं जाळं दिसतं, आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. ओळखायची रीत अशी. पेट्रोलचा पाइप जाड भिंतीचा असतो आणि दोन्ही टोकांना क्लिप असते. व्हॅक्यूमचे पाइप बारीक, बहुतेकांना क्लिपच नसते. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्याकडे नेणारा एक पाइप असतो; तो दिसायला पेट्रोलच्या पाइपासारखा, पण आत फक्त वाफ. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा जाड पाइप असेल तर तो व्हॅक्यूमचा.

पेट्रोलचे खरे पाइप कार्ब्युरेटरच्या गाडीत तीन: टाकीकडून फिल्टरमार्गे पंपाकडे येणारा, पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारा आणि उरलेलं पेट्रोल टाकीकडे परत नेणारा. परतीचा पाइप सहसा बारीक असतो, पण फक्त जाडीवर विसंबू नका. प्रत्येक पाइप बोटाने चाचपत दुसऱ्या टोकापर्यंत जा. एमपीएफआयमध्ये काही गाड्यांना परतीचा पाइप असतो. काहींत दाब राखणारा रेग्युलेटर टाकीतच असल्याने पुढे एकच पाइप येतो.

आता फोटो काढा. वरून, डावीकडून, उजवीकडून, आणि प्रत्येक जोडाचा जवळून. मग खुणा. मार्करने चिकटपट्टीवर लिहिलेलं पेट्रोल लागताच पुसलं जातं. माझ्या पहिल्या खुणा दुसऱ्या दिवशी निळे डाग होऊन बसल्या होत्या. तेव्हापासून मी गाठी मारतो. येणाऱ्या पाइपाला एक गाठ मारलेला सुती दोरा, जाणाऱ्याला दोन गाठी, परतीच्याला तीन. पाइपाला आणि तो ज्या तोंडावर बसतो त्यालाही तितक्याच गाठींचा दोरा. वहीत लिहून ठेवा. इंजिन महिनाभर उघडं राहिलं तरी गाठी पुसल्या जात नाहीत.

फोटो झाले की मोबाइल घरात ठेवून या.

५. एमपीएफआयचा दाब उतरवा, आणि बॅटरी त्यानंतर

कार्ब्युरेटरवाल्यांनी पुढच्या पायरीवर जावं. एमपीएफआयवाल्यांनी इथे सावकाश वाचावं, कारण क्रमाची सर्वांत मोठी चूक इथेच होते. "सुरक्षेसाठी आधी बॅटरी काढा" हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण बॅटरी आधी काढली तर दाब उतरवायला इंजिन चालू करता येत नाही, आणि माणूस दाबातलाच पाइप उघडतो.

गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन थंड. गरम इंजिनावर हे केलं तर सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला इजा होऊ शकते. पंपाचा रिले काढा. टाकीचं झाकण उघडा, आतली वाफ 'फुस्स' करून जाऊ द्या आणि झाकण परत लावा. मग इंजिन चालू करा. पाइपातलं उरलेलं पेट्रोल संपलं की ते आपोआप बंद पडेल. त्यानंतर तीन-तीन सेकंद दोन-तीनदा स्टार्टर मारा. आता दाब उतरला.

दाब उतरला म्हणजे पाइप रिकामा झाला असं नाही. कपभर पेट्रोल तरीही येऊ शकतं.

स्टार्टर मारताना प्लगच्या वायरी जागच्या जागी असू द्या. काढून लोंबकळत ठेवल्या तर बॉनेटखाली ठिणग्या उडतात.

६. बॅटरी

निगेटिव्ह तार आधी, मग पॉझिटिव्ह. बॅटरी गाडीतून उचलून लांब नेऊन ठेवा. तिचं चार्जिंग त्या दिवशी, त्या अंगणात नको. पेट्रोलचा वास येत असताना बॅटरीची तार जोडूही नका आणि काढूही नका. दोन्ही वेळा बारीक ठिणगी पडते.

७. पाइप सोडवणे

टाकीचं झाकण पुन्हा एकदा उघडून बंद करा. उन्हात टाकीत वाफ कोंडते आणि तीच पेट्रोल पुढे ढकलते.

कुठे सोडवायचं याबद्दल माझं ठाम मत आहे. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी जाऊ नका. बॉडीवरून आलेले लोखंडी पाइप जिथे संपतात आणि रबरी पाइप सुरू होतात, तिथे सोडवा. कार्ब्युरेटरची पितळी तोंडं नुसती दाबून बसवलेली असतात. म्हाताऱ्या, चिकटलेल्या पाइपासोबत ती उपटून येतात आणि मग पुन्हा घट्ट बसत नाहीत. कार्ब्युरेटर मॅनिफोल्डसकट (तो ज्या नळ्यांच्या जोडणीवर बसतो तिच्यासकट) उतरवा, टेबलावर ठेवा आणि मग तिथले पाइप कापून काढा. एमपीएफआयमध्येही इंजेक्टर रेलमधून (त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतून) काढत बसू नका. रेलकडे येणारा पाइप तेवढा सोडवा, बाकी सगळं एकत्र उतरू द्या.

आता खरी कृती. खाली ट्रे ठेवा. जोडाभोवतीची माती ब्रशने झाडा. क्लिप पकडीने दाबून पाइपावर मागे सरकवा. जोडाला चिंधी गुंडाळा. दुसऱ्या हातात बोल्ट तयार ठेवा. बोल्ट खिशात असून उपयोग नाही. पाइप ओढू नका, आधी पिळा. डावी-उजवीकडे थोडं थोडं फिरवत चिकटलेपणा सुटला की मग ओढा. निघताक्षणी बोल्ट आत, क्लिप त्यावर. लोखंडी पाइपाच्या उघड्या तोंडावर बोटभर लांबीचा नवा रबरी तुकडा चढवा, त्याचं दुसरं टोक बोल्टने बंद केलेलं असू द्या. असे तुकडे आदल्या दिवशीच करून ठेवा. एक तोंड बंद झाल्याशिवाय दुसरा पाइप उघडायचा नाही.

टाकीकडून येणारा पाइप सर्वांत आधी, परतीचा त्यानंतर, बाकीचे शेवटी.

पाइप फिरतच नसेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. ब्लेडने पाइपाला लांबीच्या दिशेने, टोकापासून बोटभर, हलक्या हाताने चीर द्या आणि साल सोलावी तसा सोला. ब्लेड खालच्या धातूला लागू देऊ नका. तिथे ओरखडा पडला की नवा पाइपही गळतो.

एमपीएफआयमध्ये बऱ्याचदा क्लिपेऐवजी प्लास्टिकचा झटपट जोड असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे कान दाबायचे, जोड आधी आत ढकलायचा आणि मग बाहेर ओढायचा. आत न ढकलता नुसतं ओढलं तर कान तुटतात. निघाल्यावर दोन्ही तोंडांना प्लास्टिकची स्वच्छ पिशवी रबरबँडने बांधा. तिथून आत गेलेला वाळूचा एक कण थेट इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो.

कार्ब्युरेटरच्या इंजिनात हेड उतरवण्याआधी पंपही निघतो. पंप आणि हेड यांच्यामध्ये एक जाडसर पट्टी आणि गॅस्केट असतं. ती पट्टी उष्णता अडवते, आणि पंपाचा दांडा कॅमवर किती टेकतो हेही तिच्या जाडीवर ठरतं. ती पंपालाच दोऱ्याने बांधून ठेवा. हरवली तर त्या जागी दोन गॅस्केट घालून भागत नाही.

८. निघालेलं पेट्रोल

तोंडाने पाइप ओढून पेट्रोल काढायची सवय गावोगाव आहे. कृपा करून करू नका. घोटभर पेट्रोल पोटात गेलं तर मळमळ होते, पण ठसका लागून थोडंसं फुप्फुसात उतरलं तर जीवावर बेततं. कुणी गिळलंच तर उलटी करवू नका; उलटीतून ते पुन्हा फुप्फुसात जातं. सरळ दवाखाना. डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि मग दवाखाना.

ट्रेमधलं पेट्रोल डब्यात भरताना डबा जमिनीवर ठेवा, मांडीवर किंवा प्लास्टिकच्या चटईवर नको. गटारात एक थेंबही सोडू नका; वाफ गटारातून चार घरं पुढे जाते. किती साठवता येतं त्यालाही कायदा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच बाळगता येतं, तेही एका भांड्यात २५ लिटरच्या आत. काचेचं भांडं असेल तर १ लिटर. घरात साठवायला २५ लिटरही फार झाले. मी दोन लिटरच्या वर ठेवत नाही, आणि तेही घराबाहेर, सावलीत.

चिंध्या गोळा करून पिशवीत कोंबू नका. तारेवर पसरून वाळवा. अंगावरचे कपडे बाहेरच बदला आणि मगच अंघोळीला जा, विशेषतः गॅस गीझर असेल तर.

ट्रे उचलला, जमीन वाळूने पुसली, की तासभर थांबा. मग गुडघ्यावर बसून जमिनीलगत वास घ्या. वास येत असेल तर कुठलं तरी तोंड गळतंय. ते सापडेपर्यंत इंजिनाला पाना लावायचा नाही.

९. परत जोडताना

जुने पाइप टाकून द्यायचं कारण आता सांगतो. २०२३ पासून आपल्याकडे ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टप्प्याटप्प्याने आलं. ८००-ओम्नीच्या काळातलं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. ते आतून फुगतं, मऊ होतं, नंतर वाळलं की तडकतं. महिनाभर कोरडा पडलेला जुना पाइप परत लावला तर तो गळण्याची शक्यता फार.

पाइप घेताना "पेट्रोल पाइप द्या" एवढ्यावर थांबू नका. अंगावर छापलेलं वाचा. एमपीएफआयसाठी एसएई जे३० आर९ लिहिलेला हवा. त्याच्या आतल्या अस्तराचं रबर इथेनॉलला टिकतं आणि तो दाबही सोसतो. कार्ब्युरेटरला आर७ दाबाच्या दृष्टीने पुरतो, पण मी तिथेही आर९ च घालतो. दर मीटरला थोडे पैसे जास्त, एवढंच. पारदर्शक प्लास्टिकची नळी आणि पाण्याचा रबरी पाइप कधीही नाही.

पाइप धातूच्या तोंडावरच्या फुगवट्याच्या पुढे बोटाच्या एका पेरापर्यंत चढवा. क्लिप फुगवट्याच्या पलीकडे, पण पाइपाच्या अगदी कडेवर नको. आट्यांची क्लिप इतकीही आवळू नका की रबर कापलं जाईल. झटपट जोड 'टक' असा आवाज येईपर्यंत ढकला आणि मग ओढून बघा. दोऱ्याच्या गाठी जुळवा: एकीला एक, दोनला दोन, तीनला तीन.

तपासणी चालू इंजिनावर करायची नाही, त्याच्या आधी करायची. एमपीएफआयमध्ये रिले आणि बॅटरी लावून किल्ली फक्त 'ऑन' करा. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. किल्ली बंद. असं तीन-चारदा केलं की पूर्ण दाब येतो. मदतनिसाला किल्लीवर बसवा, तुम्ही प्रत्येक जोडाला कोरडी चिंधी लावून बघा. कार्ब्युरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलची बारीक पॉझिटिव्ह वायर काढून तिला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. मग पाच-पाच सेकंद स्टार्टर मारून पंपाने पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत येऊ द्या. चिंधी ओली झाली तर बॅटरी न छेडता थांबा, वास पूर्ण गेल्यावर तार काढा आणि तो जोड पुन्हा करा.

सगळे जोड कोरडे राहिले तरच इंजिन चालू करा. पाच मिनिटं जागेवर चालवा, बंद करा, पुन्हा सगळे जोड चाचपा. रात्री गाडी बाहेर उघड्यावरच ठेवा, इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून, आणि सकाळी गाडी हलवण्याआधी त्या कागदावर डाग पडलाय का ते बघा.